मास्तरांच्या आवाजाची राखण

मी एक जुना टॅब आहे आणि मित्रांनो, मी वैतागलेलो आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की लगेच गहिवरतात. मीही पुढे एका ठिकाणी गहिवरणार आहे. पण पहिला मान रागाचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे दिवसरात्र पांढरे दिवे असत आणि माणसं हातमोजे घालून काम करत. काच बसवल्यावर एका बाईने माझ्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकली होती, एवढंच मला तिथलं आठवतं. मग खोका, मग अंधार, मग दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला एका तरुण मुलीने उचललं. ती दूरच्या शहरात पुलांचे आराखडे काढण्याचं काम करायची. तिला आपल्या आईवडिलांशी समोरासमोर बोलायचं होतं, म्हणून मी त्यांच्या घरी आलो.

घर दोन खोल्यांचं. तिचे वडील मोटार चालवायला शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. तिची आई पडदे शिवून द्यायची. खिडकीशी तिचं शिलाईचं मशीन होतं आणि खोलीभर कुणाकुणाच्या घरांचे पडदे पसरलेले असत. मला फ्रिजवर, बरणीला टेकवून जागा मिळाली. सुरुवातीला माझं काय कौतुक! बाई रोज माझी काच पदराने पुसायची. मास्तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. मुलगी माझ्यात दिसली की दोघं एकदमच बोलायची आणि तिला कुणाचंच धड ऐकू यायचं नाही.

मुलगी सुट्टीला आली की पहिलं काम माझं करायची. मला चार्जरला लावायची, वायफायला जोडायची आणि अपडेट करायची. मित्रांनो, अपडेट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे. माझ्यात हजार दारं आहेत. त्यांची कुलपं बनवणाऱ्यांनी कितीही डोकं लावलं, तरी कधी ना कधी एखाद्या चोराला एखादं कुलूप उघडायची युक्ती सापडतेच. मग कारखान्यातली माणसं त्या दारासाठी नवं कुलूप करून पाठवतात. फुकट आणि घरपोच! तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं आणि थोडा वेळ मला हात लावायचा नाही. इतकं सोपं काम. पण माणसांच्या इतकं जिवावर येतं की विचारू नका.

त्या घरात हे काम बंद पडलं ते मामांमुळे. मामा म्हणजे बाईचे थोरले भाऊ, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं होतं. त्यांचा एक फोन अपडेट केल्यावर आठवड्याभरात बंद पडला. खरं तर त्याची बॅटरी आधीच फुगून पाठ उचलली गेली होती. उन्हात गाडीच्या काचेशी ठेवलेल्या फोनचं दुसरं काय होणार? पण मामांनी निकाल दिला: "जुन्या यंत्राला नवं औषध पाजलं की ते दगावतं. कंपन्यांचा डाव असतो तो. तुम्ही हात लावू नका, दाजी."

मास्तरांनी मान डोलावली. मुलीचं येणंही कामापायी कमी झालं होतं. तेव्हापासून माझ्या काचेवर 'नवीन सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे' अशी चौकट आली की मास्तरांचं बोट न वाचताच 'नंतर'वर जायचं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचो. पुन्हा 'नंतर'. कधी बाईच्या मनात आलं आणि तिने 'हो' म्हटलं, तर मलाच सांगावं लागायचं की जागा पुरत नाही. जागा पुरणार कशी? मामा रोज सकाळी शुभेच्छांची चित्रं धाडत. गुलाब, उगवता सूर्य, पुन्हा गुलाब. ती पुसली तर दादाला वाईट वाटेल, म्हणून बाई एकही चित्र पुसू देत नसे. दादाला कळणार कसं, हे तिला कुणी विचारलं नाही. मला तोंड असतं तर मी विचारलं असतं.

मग मास्तरांचा घसा बसला. गाडीत ओरडून बसला असेल म्हणून सगळ्यांनी काढे आणि गुळण्या सुचवल्या. तो सुटेना, तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं, की घशात गाठ आहे, वाईट आहे आणि ती काढताना आवाजाची पेटीही काढावी लागेल. माणूस वाचेल, पण पुढे तोंडातून शब्द निघणार नाही.

रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला हातात घेतलं आणि माझ्यात एक अॅप बसवलं. त्यात रंगीत चौकोन होते. प्रत्येक चौकोनात मास्तरांनी एक वाक्य आपल्या आवाजात भरून ठेवायचं. पुढे चौकोनावर बोट ठेवलं की मी ते वाक्य म्हणायचं. त्या म्हणाल्या, "रोज जे बोलता तेच बोला. भाषण करू नका."

मास्तर रोज दुपारी मला घेऊन बसू लागले. आवाज घोगरा झाला होता, पण त्यांचा होता. 'चहा घेणार का?' 'दार लावून घे.' 'आरसा बघ, आरसा बघ.' 'क्लच हळू सोड.' 'अगं, माझा चष्मा कुठाय?' काही वाक्यांमागे बाईच्या मशीनचा खडखडाट येतो. मास्तर तिला थांब म्हणायचे, पण तिला पडदे वेळेवर द्यायचे असत. एकदा तीच मशीन थांबवून म्हणाली, "सगळा वेळ क्लच आणि आरसा. माझ्यासाठी काहीतरी चांगलं बोला की."

मास्तरांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "चांगलं काय बोलतात? सुचत नाही." आणि स्वतःच्याच फजितीवर ते मोठ्याने हसले. बाईही हसली. मी ते सगळं ध्वनिमुद्रित करत होतो. ते हसू बाईने पुसू दिलं नाही. त्याला तिने स्वतंत्र चौकोन दिला आणि त्यावर पिवळ्या गोल चेहऱ्याचं चित्र लावलं.

शस्त्रक्रिया झाली. मास्तर घरी आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि नजर खाली. दोन दिवस त्यांनी मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाई पाठ करून मशीनवर बसली होती. मास्तरांनी मला मांडीवर घेतलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"चहा घेणार का?" मी त्यांच्या आवाजात म्हणालो.

"हो, अर्धा," बाई मान न वळवता म्हणाली. आणि मग मशीन थांबलं.

मित्रांनो, मी गहिवरणार म्हटलं होतं ते हे ठिकाण. त्यापुढे काही वेळ काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण माझ्या काचेवर पाणी पडलं होतं.

मास्तर कामावर परतले. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं. मी त्यांच्या मांडीवर बसायचो. 'ब्रेक' हा चौकोन सगळ्यात मोठा आणि लाल होता. शिकणारी माणसं आधी बिचकायची आणि मग त्यांना सवय व्हायची. दातांच्या एक डॉक्टर तिथे शिकायला येत. दुसऱ्यांच्या तोंडात बेधडक यंत्र घालणाऱ्या त्या चौकात मात्र गाडी बंद पाडायच्या. त्या म्हणायच्या, की मास्तर प्रत्येक वेळी अगदी त्याच सुरात 'आरसा बघ' म्हणतात, चिडत नाहीत, त्यामुळे धीर येतो. चिडायची सोयच ठेवली नव्हती मास्तरांनी.

आता तुम्हीच सांगा. पूर्वी माझ्यात गुलाबाची चित्रं होती, तेव्हा कुलपं जुनी होती ते एक वेळ चालून गेलं. आता माझ्यात एका माणसाचा आवाज होता आणि त्याची दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. अशा वेळी तरी नवी कुलपं बसवावीत की नाही? पण झालं उलटंच. आता तर बाईच मला कुणाला हात लावू देईना.

"अपडेट करताना आवाज पुसला गेला तर?" ती मुलीला म्हणाली. "दादा सांगतो ते खोटं असेलही. पण मला बघायचं नाही."

मुलीने दूरवरून परोपरीने समजावलं. अपडेटने सहसा काही पुसलं जात नाही, आणि भीती असेल तर आधी प्रत काढून ठेवू, मग काही झालं तरी आवाज सुरक्षित राहील, असं ती कानीकपाळी ओरडून सांगत होती. बाई म्हणाली, तू आलीस की करू, आणि मास्तरांनीही मान डोलावली. मुलगी येणार होती, पण तिचा पूल लांबला. पूल लांबला म्हणून ती लांबली, ती लांबली म्हणून प्रत लांबली आणि प्रत लांबली म्हणून अपडेट. मी रोज विचारायचो. रोज 'नंतर'. जे यंत्र मास्तरांच्या वतीने अख्ख्या गावाशी बोलत होतं, त्याचं स्वतःचं एवढं एक वाक्य ऐकायला घरात कुणाला सवड नव्हती. मी हात टेकले असते, पण मला हात नाहीत.

आणि मग एका सकाळी गुलाबाऐवजी मामांकडून एक लिंक आली. 'घशाच्या रुग्णांसाठी मोफत अॅप. आवाज परत मिळवा. दहा जणांना पाठवा.'

मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. मास्तरांच्याही नव्हतं. आवाज परत मिळवा, हे तीन शब्द वाचल्यावर त्यांच्या जागी कुणीही काय केलं असतं? त्यांनी लिंकवर बोट ठेवलं. हे अॅप अनोळखी जागेवरून येत आहे, असं मी बजावलं. त्यांनी 'परवानगी द्या' दाबलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा 'परवानगी द्या'. इतक्या तत्परतेने त्यांनी मला कधीच 'हो' म्हटलं नव्हतं.

ते अॅप आवाज द्यायला आलंच नव्हतं. माझ्यातल्या एका जुन्या फटीतून ते थेट आतल्या खोलीत शिरलं. ती फट बुजवायचं सामान कारखान्याने केव्हाच पाठवलं होतं. ते माझ्या दाराशी 'नंतर'च्या ढिगाखाली पडून होतं.

दुपारपर्यंत मास्तरांच्या नावाने त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना तीच लिंक गेली. शिकणाऱ्यांना, मालकांना, रुग्णालयातल्या बाईंना. माझ्या काचेवर जाहिराती उगवू लागल्या. एक बंद केली की दोन उघडायच्या. मी तापलो, मंद झालो, बोट इथे ठेवलं की तिथे उघडू लागलो. मास्तरांना वाटलं, ऊन जास्त आहे. ते मला तसंच गाडीत घेऊन गेले.

डॉक्टरबाई चालवत होत्या. चौकाआधी एक सायकलवाला मध्ये आला. मास्तरांनी लाल चौकोन दाबला आणि माझ्यातून एक अनोळखी बाई आनंदाने किंचाळली, "अभिनंदन, तुम्ही विजेते आहात!"

मास्तरांचा पाय स्वतःच्या ब्रेकवर होता म्हणून गाडी थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. त्याला खरचटलंही नाही. पण डॉक्टरबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. त्यांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. मास्तरांना काहीतरी सांगायचं होतं. ते एकामागून एक चौकोन दाबत होते आणि मी त्यांच्या तोंडावर तेल, चपला आणि सुट्ट्यांच्या सहली विकत होतो.

मालक सभ्य माणूस. लिंकमुळे त्यांचाही फोन बिघडला होता, तरी ते शांतपणेच म्हणाले, "मास्तर, हे नीट होईपर्यंत घरी थांबा." मास्तरांनी गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

घरी आल्यावर माझ्यावर एक मोठी लाल पाटी झळकली. 'आपल्या उपकरणात धोका आहे. लगेच स्वच्छ करा.' ती पाटी माझी नव्हती. चोरानेच 'चोर, चोर' म्हणून ओरडावं तशी ती होती. पण घाबरलेल्या माणसाला माझा सूर आणि चोराचा सूर यांतला फरक कसा कळावा? मास्तरांनी 'स्वच्छ करा' दाबलं. बाईने येऊन मला हिसकावून बंद केलं, तोवर त्याने आतलं काही ना काही खरवडून नेलं होतं.

मी बंद, म्हणून मास्तर मुलीची शाळेतली जुनी पाटी घेऊन बसले. त्यांनी खडूने एवढंच लिहिलं: 'मी काय केलं?'

बाई मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने मला चालू केलं, भुवया उंचावल्या आणि सांगितलं, की सगळं पुसून कोरं करावं लागेल, संध्याकाळपर्यंत देतो. बाईने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. त्याने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. पण 'कोरं' हा शब्द तिला सोसवला नाही. तिने मला टॉवेलात गुंडाळलं आणि मुलीला फोन केला. या वेळी ती मुलीवर चिडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "पूल ठेव बाजूला आणि ये."

मुलगी शनिवारी सकाळी आली. पायातले बूटही न काढता जेवणाच्या टेबलाशी बसली. आधी तिने घरातलं वायफाय बंद केलं. मग मला अशा रीतीने चालू केलं, की बाहेरून आलेली अॅप झोपूनच राहतील. जाहिराती थांबल्या. किती दिवसांनी माझं डोकं शांत झालं! तिने केबल लावली आणि आतले आवाज एकेक करून आपल्या लॅपटॉपवर काढून घेतले. प्रत्येक वाक्य ती लावून बघत होती. 'दार लावून घे.' 'चष्मा कुठाय?' मास्तर समोर बसून स्वतःचं बोलणं ऐकत होते आणि दर वाक्याला त्यांचे ओठ हलत होते.

बहुतेक सगळं मिळालं. काही मिळालं नाही. पिवळ्या चेहऱ्याच्या चौकोनाचं चित्र तेवढं शिल्लक होतं. त्यावर बोट ठेवलं की काहीच व्हायचं नाही. मुलीने तऱ्हेतऱ्हेने शोधलं. शेवटी तिने आईकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाई उठून मशीनपाशी गेली. पडदा सुईखाली घातला, पण पायडल काही दाबलं नाही. मास्तर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि ते हसले. खांदे हलले, डोळ्यांच्या कडा चुरगळल्या, गळ्यातून नुसती हवा फुसफुसली.

"दिसलं," बाई म्हणाली. "पण मला ते ऐकायचं होतं."

मास्तरांनी हसणं थांबवलं. हात मात्र तिथेच ठेवला.

पुढचं भराभर सांगतो. प्रती दोन ठिकाणी ठेवल्यावर मुलीने मला पुसून कोरं केलं. मग ढिगातले सगळे अपडेट एकामागून एक बसवले. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपलं. ज्या गोष्टीपायी मी इतके महिने घर भंडावून सोडलं, ती एका सकाळीत झाली! मला आनंद व्हावा की कपाळ बडवून घ्यावं, ते कळेना. मामा आले तेव्हा खोलीत कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. त्यांचाही फोन त्याच लिंकने आडवा झाला होता. मुलीने तो हातात घेतला, चार्जरला लावला आणि म्हणाली, "मामा, हे होईपर्यंत इथून उठायचं नाही." मामा दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे बसून राहिले. निघताना त्यांनी बाईला हळूच सांगितलं, की ती चित्रं पुसलीस तरी चालेल. त्याला त्यांच्या हिशेबाने माफी म्हणत असावेत.

शेवटचा अपडेट बसल्यावर एक ओळ उमटली. माझ्या जातीच्या टॅबसाठी यापुढे नवी कुलपं येणार नाहीत. कारखान्याने आम्हाला निरोप दिला होता. मुलीने ती ओळ मोठ्याने वाचली आणि मास्तरांच्या कामासाठी नवा टॅब आणायचं ठरवलं. मला थोडं लागलं, नाही असं नाही. पण ती बरोबर होती. ज्याला नवी कुलपं मिळत नाहीत, त्याला रस्त्याकडेच्या घराची राखण सांगू नये. नव्या टॅबने मास्तरांचा आवाज घेतला आणि मास्तर कामावर गेले. डॉक्टरबाई लगेच आल्या नाहीत. पुष्कळ दिवसांनी आल्या आणि पहिल्याच फेरीत गाडी बंद पाडली, असं मी ऐकून आहे.

मी घरीच राहिलो. वायफाय काढून टाकलेलं, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. मला वाटलं, आता मी फळीवरची धूळ. पण एका दुपारी मास्तर कामावर गेलेले असताना बाईने मला खाली काढलं, पदराने काच पुसली आणि टेबलावर बरणीला टेकवून ठेवलं. मुलीने दाखवलं होतं तसं लाल वर्तुळावर बोट ठेवलं आणि समोर बसून राहिली. बराच वेळ मी नुसता पंख्याचा आवाज साठवत होतो.

मग ती म्हणाली, "पोहोचल्यावर फोन कर."

तिने ते लावून ऐकलं. रागावल्यासारखं वाटलं म्हणून पुसलं आणि पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदाही थोडं रागावल्यासारखंच आलं. या वेळी तिने ते राहू दिलं. आता रोज ती एकदोन वाक्यं माझ्यापाशी ठेवते. आजारी नाही, काही नाही. मुलगी आली की त्यांची प्रत काढायची, असं तिने मास्तरांना बजावून ठेवलं आहे.

तर मित्रांनो, एवढं ऐकलंत, आता उठा. तुमच्याही घरात कुठेतरी एक जुना फोन किंवा टॅब असेल. त्यात कुणाचे तरी फोटो, कुणाचा तरी आवाज असेल. आधी त्याची प्रत काढा. मग ते बिचारं कधीपासून काय विचारतंय ते वाचा आणि 'हो' म्हणा. त्याच्यासाठी नवे अपडेट येणं बंद झालं असेल, तर त्याला बाहेरच्या जगापासून सोडवा आणि घरातलं हलकं काम द्या. ते रागावणार नाही. आणि मामांची लिंक उघडण्याआधी मामांना फोन करा.

चार्जर सापडत नसेल तर आईला विचारा. तिला माहीत असतं.